दारूचा प्रश्न कोण मांडतो?



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या दवाखान्यात मी उमेदवारीची दोन वर्षे काढली. संध्याकाळची ओपीडी आटोपली की ते दिवसभराच्या केसपेपरांचा गठ्ठा पुढ्यात ओढायचे आणि एकेक रोगी पुन्हा मनात आणायचे. एका संध्याकाळी त्यांनी मला विचारले, "आज किती जणांच्या दुखण्यात दारू होती?" मी म्हणालो, दोन, दोघांचे लिव्हर गेलेले होते. त्यांनी गठ्ठा उलगडला. सायकलवरून पडून मनगट मोडलेला एक. टीबीच्या गोळ्या तिसऱ्या महिन्यात सोडून दिलेला एक. कानाचा पडदा फाटलेली एक बाई, जिने नोंदणीच्या खिडकीवर "दार लागलं" असे सांगितले होते. अंगाला सूज आलेले तिचे लेकरू. असे करत ते सातवर पोचले. सातांपैकी पाच केसपेपरांवर दारू हा शब्दच नव्हता.

ती बाई दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन आली. मला म्हणाली, "डॉक्टरसायेब, तुमीच सांगा ना यायले. माह्यं त आयकतच नाई." मी सांगितले. पुढे तीस वर्षे तेच सांगत आलो. किती पिता, कधीपासून पिता, सोडायची इच्छा आहे का, असे विचारत आलो. आज मला दिसते की या सगळ्या प्रश्नांत दारू विकणारा कुठेच नव्हता. मलेरियाची साथ आली की आपण डबकी शोधतो, कॉलरा आला की विहीर तपासतो. दारूच्या बाबतीत मात्र आपण फक्त रोग्याला समोर बसवून त्याच्या मनोबलाची चौकशी करतो. हा प्रश्न असाच मांडायचा, हे कोणी ठरवले? त्याविषयी मला आज बोलायचे आहे.

आधी दुखण्याचा आकार सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने २०१९ या एका वर्षात जगात दारूमुळे २६ लाख माणसे गेली. त्याच वर्षी आपल्या केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या, 'एम्स'ने केलेल्या देशव्यापी पाहणीत दारू पिणाऱ्यांची संख्या १६ कोटी निघाली. त्यांतल्या सुमारे ५ कोटी ७० लाखांना दारूच्या आजारासाठी मदतीची गरज होती. दारू हे कर्करोगाचे निश्चित कारण आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच जाहीर केले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे, स्त्रियांचे स्तन, अशी ती यादी आहे. १९८८ म्हणजे किती वर्षे झाली, मोजा. तुमच्या ओळखीतल्या किती माणसांना हे ठाऊक आहे, तेही मोजा.

आता एक साधे गणित. इंग्लंडमधल्या दारूविक्रीचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या सरकारी आरोग्य मर्यादेपेक्षा जास्त पिणारे लोक लोकसंख्येच्या एक-चतुर्थांश होते, पण दारूच्या एकूण विक्रीतले ६८ टक्के उत्पन्न त्यांच्याच खिशातून येत होते. सर्वांत जास्त पिणारे, म्हणजे ज्यांना आम्ही डॉक्टर रोगी म्हणतो, असे लोक होते फक्त ४ टक्के. त्यांच्याकडून २३ टक्के उत्पन्न. सगळे पिणारे उद्यापासून मर्यादेत राहिले, तर विक्रीचे उत्पन्न ३८ टक्क्यांनी घटेल, असा त्या अभ्यासकांचा हिशोब होता. बाटलीवर, फलकावर, क्रिकेटच्या मैदानावर आपण 'जबाबदारीने प्या' हे वाक्य वाचतो. ते वाक्य लिहिणाऱ्याचे म्हणणे सर्वांनी खरोखर ऐकले, तर त्याचा धंदा तिसऱ्या हिश्शाहून अधिक बसेल. ज्या उपदेशाने दुकान चालत नाही, तो उपदेश कोणी आपल्याच खर्चाने करत नाही. ते वाक्य वेगळे काम करते: जबाबदारी हा शब्द उचलून पिणाऱ्याच्या खांद्यावर ठेवते आणि विकणारा मोकळा होतो.

याच्याही पलीकडची गोष्ट म्हणजे विज्ञानालाच हात घालणे. त्याचे एक प्रकरण मी सविस्तर सांगणार आहे, कारण आमच्या पेशाला त्यातून शिकण्यासारखे सर्वांत जास्त आहे.

'रोज थोडी घेतली तर हृदयाला बरी' हे वाक्य तुम्ही ऐकले असेल. कदाचित एखाद्या डॉक्टरच्या तोंडूनच ऐकले असेल. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एका लोकप्रिय दूरचित्रवाणी कार्यक्रमात फ्रेंच लोकांच्या निरोगी हृदयाचे श्रेय रेड वाइनला देण्यात आले, आणि तिथे रेड वाइनचा खप भराभर वाढला. या समजुतीमागे काही अभ्यास होते, हे खरे आहे. न पिणाऱ्यांपेक्षा थोडी पिणारे जास्त जगतात, असे त्या अभ्यासांत दिसत होते. पण न पिणारे म्हणजे कोण? आपल्या गावातच पाहा. गावात न पिणारा एक माळकरी असतो, ज्याने जन्मात थेंब घेतलेला नाही. आणि दुसरा असा असतो, ज्याला डॉक्टरांनी "आता घेतलीस तर मरशील" असे सांगितल्यावर त्याने सहा महिन्यांपूर्वी सोडली. दोघांनाही 'न पिणारा' या एकाच रकान्यात टाकले, तर तो रकाना आजारीच दिसणार, आणि त्याच्या शेजारी रोज एक ग्लास घेणारा सुखवस्तू माणूस ठणठणीत दिसणार. ब्रिटनमधले जेराल्ड शेपर यांनी १९८८ मध्येच 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या घोटाळ्याकडे बोट दाखवले होते. पुढे २००६ मध्ये के फिलमोर आणि टिम स्टॉकवेल यांनी जुने अभ्यास पुन्हा चाळले. ज्या थोड्या अभ्यासांत ही गल्लत झालेली नव्हती, त्यांत तो फायदा दिसेनासा झाला.

चीनमधल्या पाच लाख लोकांच्या अभ्यासाने हा प्रश्न फार सुंदर रीतीने सोडवला. पूर्व आशियात बऱ्याच लोकांच्या जनुकांत असा एक फरक असतो, की दारू प्यायली की चेहरा लालभडक होतो, मळमळते. त्यामुळे ती माणसे आपोआप कमी पितात. हे जन्मतःच ठरते. पैसा, शिक्षण, आजारपण यांचा त्याच्याशी संबंध नसतो. निसर्गाने जणू चिठ्ठ्या टाकून कोणी किती प्यावे हे वाटून दिले. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेला निष्कर्ष असा, की ज्या पुरुषांच्या वाट्याला जास्त दारू आली, त्यांना पक्षाघात जास्त झाला. थोडी घेतल्याने कोणाचेही पक्षाघातापासून रक्षण झाले नाही.

विज्ञान या दिशेने चालले असताना अमेरिकेत काय घडत होते? तिथल्या 'नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ' या सर्वोच्च सरकारी संशोधन संस्थेने एक मोठी चाचणी हाती घेतली. पन्नाशीपुढची ७,८०० माणसे निवडायची, चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट करायचे, एका गटाने रोज एक पेय घ्यायचे, दुसऱ्याने अजिबात नाही, आणि हृदयविकार कोणाला होतो ते पाहायचे. खर्च १० कोटी डॉलर. त्यातला जवळपास दोन-तृतीयांश वाटा जगातल्या पाच बड्या मद्यकंपन्या देणार होत्या: आनहॉयझर-बुश इनबेव्ह, हायनेकन, दियाजिओ, पर्नो रिकार आणि कार्ल्सबर्ग. पैसा एका प्रतिष्ठानामार्फत येईल, त्यामुळे संशोधकांवर दडपण नाही, असे सांगितले गेले.

मार्च २०१८ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पत्रकार रॉनी रॅबिन यांनी पत्रव्यवहार मिळवून छापला. संस्थेचे अधिकारी आणि पुढे ज्यांच्याकडे या चाचणीची सूत्रे आली ते संशोधक २०१३-१४ पासूनच मद्य उद्योगातल्या लोकांना भेटत होते. सरकारी नोकरांनी देणग्या मागायच्या नाहीत, असा नियम असताना. मर्यादित मद्यपान सुरक्षित आहे हे दाखवण्याची ही संधी आहे, असा त्या बैठकांमधल्या मांडणीचा रोख होता. म्हणजे उत्तर आधी ठरले होते, मग पैसा आला, मग माणसे निवडली. जूनमध्ये संस्थेच्याच चौकशी समितीचा अहवाल आला आणि संचालक फ्रान्सिस कॉलिन्स यांनी चाचणी गुंडाळली. तोवर शंभरेक माणसे तिच्यात दाखल झालेली होती.

अहवालातल्या एका मुद्द्यावर मी थांबतो. चाचणीची रचनाच अशी होती, की हृदयाला फायदा असला तर तो दिसावा, पण कर्करोगासारखे नुकसान नजरेतून सुटावे. कर्करोग व्हायला वर्षानुवर्षे लागतात. सहा वर्षे पाहून त्याचा पत्ता लागणे अवघड. इथे कोणी खोटा आकडा लिहिला नव्हता, कोणी रक्ताची बाटली बदलली नव्हती. फक्त प्रश्न असा विचारला गेला होता, की गैरसोयीचे उत्तर येऊच नये. संशोधक विकला जातो, असे मी म्हणत नाही. बहुतेक संशोधक सचोटीने काम करतात. पण कोणता प्रश्न विचारायचा हे ज्याचा पैसा असतो तो ठरवू लागला, की सचोटीची माणसेही त्या आखलेल्या शेतातच नांगर धरतात.

प्रश्न आखण्याची हीच कला धोरणातही चालते. आफ्रिकेतले लेसोथो, मलावी, युगांडा आणि बोत्स्वाना हे चार वेगळे देश. या चारही देशांच्या राष्ट्रीय मद्य-धोरणाचे मसुदे नॉर्वेचे दोन अभ्यासक, ओयस्टाइन बाके आणि डाग एंडाल, यांनी शेजारी ठेवून वाचले. २०१० मध्ये त्यांचा लेख 'अ‍ॅडिक्शन' या नियतकालिकात आला. चारही मसुद्यांची रचना आणि शब्द जवळपास सारखेच होते, फक्त देशाचे नाव बदललेले. संगणकाच्या फाईलमध्ये लेखक म्हणून 'सॅबमिलर' या बिअर कंपनीच्या अधिकाऱ्याचे नाव तसेच राहून गेले होते. लोकशिक्षण, स्वयंनियमन, उद्योगाशी भागीदारी यांना त्या मसुद्यांत भरपूर जागा होती. किंमत, दुकानांची संख्या आणि जाहिरातबंदी, म्हणजे ज्या तीन गोष्टींनी पिणे खरोखर कमी होते, त्यांना जवळपास काहीच नव्हती. आपल्याकडे परीक्षेत दोन मुलांची उत्तरे इतकी जुळली तर पर्यवेक्षक दोघांनाही उठवतो. मलावीच्या लोकांनी मात्र नंतर स्वतः बसून, कंपनीला लेखणी न देता, नवे धोरण लिहिले. ते २०१७ मध्ये जाहीर झाले.

आणि धोरण झालेच, तर वेळ काढायचा. स्कॉटलंडच्या संसदेने २०१२ मध्ये कायदा केला, की दारूतल्या प्रत्येक युनिटला, म्हणजे दहा मिलिलिटर शुद्ध अल्कोहोलला, ठरावीक किमतीखाली विकता येणार नाही. 'स्कॉच व्हिस्की असोसिएशन' न्यायालयात गेली. एडिंबराची न्यायालये, मग युरोपीय न्यायालय, मग पुन्हा एडिंबरा, मग लंडनचे सर्वोच्च न्यायालय. नोव्हेंबर २०१७ मध्ये सातही न्यायमूर्तींनी एकमताने सरकारच्या बाजूने निकाल दिला. १ मे २०१८ पासून ५० पेन्सची किमान किंमत लागू झाली. पुढे तिथल्या सार्वजनिक आरोग्य खात्याने मोजले: कायदा नसता तर जितके मृत्यू झाले असते, त्यापेक्षा दारूने थेट होणारे मृत्यू १३.४ टक्क्यांनी कमी झाले होते. वर्षाला सुमारे दीडशे माणसे, बहुतेक गरीब वस्त्यांतली. आता हे दीडशे, कायदा आणि अंमलबजावणी यांच्यामध्ये गेलेल्या सहा वर्षांनी गुणा. उद्योग खटला हरला, हे खरे. पण वेळ तो जिंकला होता, आणि त्याला तेवढेच पुरेसे होते.

कधी तर खटल्याची नुसती भीतीही पुरते. कॅनडाच्या उत्तर भागात युकॉन नावाचा विरळ वस्तीचा प्रदेश आहे. तिथल्या एका सरकारी दारूदुकानात २०१७ च्या नोव्हेंबरात संशोधकांनी बाटल्यांवर इशाऱ्याच्या चिकटपट्ट्या लावायला सुरुवात केली. त्यांतली एक अशी: दारूने कर्करोग होऊ शकतो. महिनाभरात उद्योगाच्या संघटनांनी कायदेशीर कारवाईची भीती घातली, आणि काम थांबले. पुन्हा सुरू झाले तेव्हा बाकीच्या पट्ट्या होत्या, कर्करोगाची नव्हती. त्या पट्टीवर एकही चुकीचा शब्द नव्हता.

आता घरी येऊ.

आपल्या बाटलीवर २०१९ पासून सक्तीचा इशारा छापला जातो. मद्यपान आरोग्यास हानिकारक, पिऊन वाहन चालवू नका. त्यात कर्करोगाचा उल्लेख नाही. तंबाखूच्या पुडीवर ८५ टक्के जागा व्यापणारे सडलेल्या जबड्याचे चित्र असते; बाटलीवर बारीक अक्षरांतली ओळ. तंबाखूसाठी आंतरराष्ट्रीय करार आहे, आणि धोरण आखताना तंबाखू कंपन्यांना दूर ठेवा असे त्यात स्वतंत्र कलम आहे. भारताने तो करार २००४ मध्ये मान्य केला. दारूसाठी असा करार जगात कुठेच नाही. आपल्या राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात मात्र मादक पेयांचे नाव स्पष्टपणे लिहिलेले आहे.

दूरचित्रवाणीवर दारूच्या जाहिरातीला २००० सालापासून बंदी आहे. मग सोडा आला, पाण्याची बाटली आली, गाण्यांची सीडी आली. नाव तेच, रंग तोच, अक्षरांचे वळण तेच. त्या नावाची सीडी तुमच्यापैकी कोणी कधी विकत घेतली आहे का? मी दुकानदारांना विचारले आहे. त्यांनी पाहिलीसुद्धा नव्हती. २००८ मध्ये आयपीएल सुरू झाले तेव्हा बंगळुरूच्या संघाचे नावच एका व्हिस्कीच्या नावावरून ठेवले गेले, आणि आज सातवी-आठवीतली मुले ते नाव छातीवर मिरवतात. मार्च २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी आयपीएलला पत्र लिहून अशा आडपडद्याच्या जाहिराती थांबवायला सांगितले. पत्र योग्यच होते, पण स्पर्धा सुरू झाल्यापासून सतरा वर्षांनी आले.

महाराष्ट्रात हा विषय फार जुना आहे. १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असताना महात्मा फुल्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेकडे लेखी तक्रार केली होती. सार्वजनिक आरोग्य हा शब्द तेव्हा आपल्याकडे रुळलेलाही नव्हता, आणि तरी त्यांनी पिणाऱ्याला उपदेश करण्यावर न थांबता दुकानाकडे बोट दाखवले. ही दृष्टी आपण पुढे हरवली, असे मला वाटते.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या किराणा-सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी दिली. वार्षिक शुल्क पाच हजार रुपये. कारण सांगितले गेले द्राक्ष बागायतदारांचे. आणि एक वाक्य सगळीकडे फिरले: वाइन म्हणजे दारू नव्हे. गंमत बघा, आपल्या राज्यात ज्या दुकानात देशी सोडून सगळी दारू मिळते, त्याच्या पाटीवर 'वाइन शॉप' असेच लिहिलेले असते. पण पाटी सोडून गणित करू. वाइनची ७५० मिलिलिटरची बाटली, अल्कोहोल १२ टक्के. म्हणजे ९० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीची क्वार्टर १८० मिलिलिटरची, ४२.८ टक्के. म्हणजे ७७. वाइनच्या एका बाटलीत क्वार्टरपेक्षा जास्त दारू असते. आणि ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर, ६५० मिलिलिटर? तिच्यात ५२, म्हणजे साठ मिलिलिटरच्या दोन पेगांएवढी. यकृताला बाटलीचा आकार कळत नाही आणि शेतकऱ्याचे नावही कळत नाही. त्या निर्णयाला विरोध झाला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि निर्णय अमलात आला नाही.

शेतकऱ्याचे नाव त्याआधीही घेतले गेले होते. राज्याच्या २००७ च्या धोरणात ज्वारी, बाजरी, मक्यापासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांना अनुदान द्यायचे ठरले, कोरडवाहू शेतकऱ्याच्या भल्यासाठी. डॉ. अभय बंग, अनिल अवचट, डॉ. नरेंद्र दाभोलकर ही माणसे त्याविरुद्ध उभी राहिली. माझा शेतकऱ्यांच्या हिताला विरोध नाही. माझे वडील शेतकरी होते. पण ज्वारीला भाव द्यायचा तर रेशनच्या दुकानातून देता येतो. तो भट्टीतूनच का यावा, हे कोणी सांगितले नाही.

१० जून २०२५ च्या मंत्रिमंडळ बैठकीत विदेशी मद्यावरचे उत्पादन शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचार पटीवर नेले गेले. कर वाढवणे हे आरोग्याच्या दृष्टीने चांगले औषध आहे, आणि त्याबद्दल मी सरकारचे अभिनंदनच करीन. पण त्याच बैठकीत 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाचा धान्यापासून बनणाऱ्या मद्याचा नवा वर्गही निर्माण झाला. क्वार्टरची किमान किंमत १४८ रुपये, म्हणजे ८० रुपयांची देशी आणि २०५ रुपयांची विदेशी यांच्या मधोमध. महाग झालेल्या क्वार्टरवरून जो उतरेल, त्याला मध्येच टेकायला पायरी बांधून ठेवली. या निर्णयातून १४ हजार कोटी रुपये जादा महसूल येईल, असा अंदाज होता. किती माणसे कमी मरतील, हा अंदाज मी वाचलेल्या एकाही बातमीत नव्हता.

इथे दोन आक्षेप घेतले जातात, आणि ते मला गांभीर्याने घ्यावे लागतात. पहिला महसुलाचा. जीएसटी आल्यानंतर राज्यांच्या हातात स्वतःचे कर थोडेच उरले. दारू हा त्यांतला मोठा. हे खरे आहे. पण लिव्हरच्या वॉर्डाचा, अपघातांचा, बुडालेल्या मजुरीचा खर्च वहीच्या दुसऱ्या पानावर असतो, आणि अर्थसंकल्प मांडताना ते पान उघडत नाहीत. दुसरा आक्षेप विषारी दारूचा: महाग केली की गरीब माणूस हातभट्टीकडे जाईल. जून २०१५ मध्ये मालवणीत शंभराहून अधिक माणसे मेली, ती मिथेनॉलने. पण मालवणी मुंबईत आहे. तिथे दारूबंदी नव्हती, परवानाधारक दुकानेही होती. मिथेनॉल कारखान्यातून वस्तीपर्यंत पोचते, ते पोलिस आणि उत्पादन शुल्क खात्याच्या डोळ्यांदेखत. त्याचा बंदोबस्त हा वेगळा प्रश्न आहे, आणि किंमत वाढवू नये म्हणून त्या मेलेल्यांना पुढे करणे मला सहन होत नाही.

तुम्ही म्हणाल, मग दारूबंदी हवी का? वर्धा आहे, १९९३ पासून गडचिरोली आहे, २०१५ मध्ये बंदी होऊन २०२१ मध्ये उठलेले चंद्रपूर आहे. या जिल्ह्यांतल्या बायांनी काढलेले मोर्चे मी पाहिले आहेत आणि मला त्यांच्याविषयी आदर आहे. पण आपल्या राज्यात दारूवरची चर्चा सुरू झाली, की ती थेट दोन टोकांना जाऊन बसते: बंदी की खुली. ज्या उपायांमागे जगभरचा पुरावा आहे, ते सगळे मधल्या जागेत आहेत. किंमत किती, दुकाने किती आणि कुठे, जाहिरात कोणाला दिसते. या तीन गोष्टींवर आपल्या विधानसभेत मन लावून चर्चा झालेली मी पाहिली नाही, आणि ती होत नाही याचा फायदा कोणाला होतो, हे उघड आहे. उपचार तर हवेतच. पुण्यात १९८६ पासून 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र ते करते आहे. गोव्यात 'संगत' संस्थेने दाखवून दिले, की गावातल्या साध्या माणसांना शिकवून तयार केले तर ती आरोग्य केंद्रात बसून जास्त पिणाऱ्यांचे पिणे कमी करू शकतात; तो अभ्यासही 'लॅन्सेट'मध्ये आला. पण छप्पर गळत असताना नुसती बादली बदलत राहून भागणार नाही.

आपल्या कायद्यात बायकांना एक हत्यार दिलेले आहे. गावात किंवा वॉर्डात दुकान नको असेल तर मतदान घेता येते, उभी बाटली की आडवी. पण आडवी बाटली जिंकायला झालेल्या मतांपैकी बहुमत पुरत नाही. यादीतल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते लागतात. माहेरी गेलेली, ऊसतोडीला गेलेली, मरून गेली तरी नाव न कटलेली, अशी प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. आपला एकही आमदार या नियमाने निवडून आलेला नाही. त्याला झालेल्या मतांत एक मत जास्त पुरते.

म्हणून मी आज तुमच्याकडे काही मागायला आलो आहे. इथे गणेश मंडळांचे कार्यकर्ते आहेत, कबड्डीच्या आणि कुस्तीच्या स्पर्धा भरवणारे आहेत. सोड्याच्या, पाण्याच्या, सीडीच्या नावाने येणारा दारूचा फलक या वर्षीपासून लावू नका. मंडपाचा खर्च भागत नसेल तर आम्ही डॉक्टर मंडळी वर्गणी देऊ, मी स्वतः पहिली देतो. इथे माझे व्यवसायबंधू आहेत. ज्या परिषदेचे जेवण मद्यकंपनीच्या पैशाने असेल, तिथे जाऊ नका, आणि केसपेपरावर दारू हा शब्द लिहायला लागा. आणि आपल्या दोन्ही सभागृहांच्या सदस्यांकडे दोन मागण्या करू: उत्पादन शुल्काचा कोणताही निर्णय होण्याआधी सरकारला कोणत्या कंपन्यांचे आणि संघटनांचे लोक भेटले, याची यादी निर्णयासोबत प्रसिद्ध करा, आणि आडव्या बाटलीचा निकाल झालेल्या मतांच्या बहुमताने लावा.

या मागण्यांचा मसुदा सभागृहाच्या दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. जाताना तो वाचा. पटला तर सही करा. काही दुरुस्ती सुचवायची असेल तर तीही त्याच कागदावर लिहा. सोमवारी तो आपल्या आमदारांच्या हातात द्यायला आम्ही जाणार आहोत. सकाळी दहा वाजता ग्रामीण रुग्णालयाच्या फाटकापाशी जमू. ज्यांना जमेल त्यांनी यावे.